'बेटर' म्हणजे चांगलं नव्हे

प्रश्न असा आहे: "मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, सहा वर्षं एका कारखान्यात नोकरी करतोय. परवा दुसरीकडे मुलाखतीत 'धिस जॉब इज मोर बेटर फॉर मी' असं म्हणालो आणि समोरच्या तिघांपैकी एक जण गालातल्या गालात हसला. त्याआधी आमच्या साहेबांना 'यू हॅड बेटर कम टुमारो' असं मेलवर लिहिलं होतं, तर ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. 'बेटर' म्हणजे 'जास्त चांगलं' एवढंच ना? मग माझं चुकलं कुठे? आणि सांगायचं उद्याचं, तर त्यात भूतकाळाचा 'हॅड' कशाला?"

गेली 26 वर्षं मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि उरलेल्या वेळात भाषांतरं करते. माझ्याकडे येणाऱ्यांचं शाळेतलं इंग्रजी विसरून झालेलं असतं आणि पोटासाठी ते पुन्हा गिरवायची वेळ आलेली असते. या सगळ्या वर्षांत 'बेटर' हा शब्द 'येत नाही' असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही, आणि तो नीट वापरणारे मोजकेच भेटले. सोपा वाटतो ना, तिथेच पाय घसरतो.

आधी 'जास्त चांगलं' हा अर्थ बाजूला ठेवा. शाळेत पाठ केलेला तो अर्थ अर्धाच खरा आहे. एका मुलाला 100 पैकी 12 मार्क पडले, दुसऱ्याला 9. पहिल्याचे मार्क दुसऱ्यापेक्षा 'बेटर' आहेत. ते 'जास्त चांगले' आहेत का? दोघेही नापास आहेत हो! 'बेटर' दोन गोष्टींमधलं अंतर सांगतो, आणि दोन्ही गोष्टी खड्ड्यात असल्या तरी त्याला काही फरक पडत नाही. 'चांगलं' हे प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं दवाखान्यात. माझे काका अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले, घाईत होते, 'ही इज बेटर दॅन यस्टरडे' एवढं म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. चुलतभावाने तिथूनच चार फोन लावले: "बाबा बरे आहेत." चौथ्या फोनपर्यंत त्याचं "बाबा बरे झाले" झालं होतं. आत्याने पेढे आणायला माणूस धाडला. दुपारी आत जाऊन बघतो तर काकांच्या तोंडात नळी तशीच, यंत्र तसंच चालू. आत्या डॉक्टरांवर उखडली, म्हणाली, सकाळी खोटं का बोलला? डॉक्टर खोटं बोलले नव्हते. त्यांनी कालच्याशी आजची तुलना केली होती. आम्ही ती निरोगी माणसाशी केली. काका अठराव्या दिवशी घरी आले, म्हणून आज हे हसत सांगता येतंय.

गंमत म्हणजे आजारपणाची ही शिडी मराठीत इंग्रजीपेक्षा कितीतरी बारीक पायऱ्यांची आहे. 'उतार पडलाय', 'जरा हुशारी वाटतेय', 'बरा आहे', 'बरा झाला', 'ठणठणीत झाला'. इंग्रजी या सगळ्यांवर एकच 'बेटर' टाकून मोकळं होतं. नुसती सुधारणा असली तरी 'बेटर' आणि आजार पार गेला असला तरीही 'बेटर'. दुसऱ्या अर्थाने म्हणायचं तर 'कम्प्लीटली बेटर' म्हणता येतं, पहिल्या अर्थाने नाही. म्हणून डॉक्टरांनी 'बेटर' म्हटलं की 'कशापेक्षा?' हे विचारायची लाज बाळगू नका.

आता तुमचं 'मोर बेटर'. हे का होतं, हे मराठीकडून बघितलं की लख्ख दिसतं. आपलं विशेषण तुलनेसाठी रूप बदलत नाही. 'हा आंबा गोड आहे', 'हा आंबा त्यापेक्षा गोड आहे'. 'गोड' जागचा हलला नाही. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा'ने उचलला, किंवा 'त्याहून गोड' म्हटलं तर 'हून'ने. मग इंग्रजी बोलताना आपल्याला 'पेक्षा'चा 'दॅन' आठवतो आणि विशेषण जसंच्या तसं राहतं: 'धिस इज गुड दॅन दॅट'. मास्तर ओरडतात, 'गुड नाही रे, बेटर!' आपण 'बेटर' घोकतो, पण तो आपल्याला 'चांगलं'चाच प्रतिशब्द वाटत राहतो, कारण मनात 'चांगलं' हे एकच रूप आहे. आणि 'जास्त' किंवा 'अधिक' म्हणायची सवय असतेच, म्हणून पुढे 'मोर' चिकटतो. 'मोर बेटर' म्हणजे 'जास्त जास्त-चांगलं'. 'मोर'चं काम 'बेटर'च्या पोटात आधीच झालेलं आहे.

पण मुलाखतीत हसलेल्या त्या माणसाला एवढंही हसायचं कारण नव्हतं. शेक्सपिअरने 'मोर बेटर' लिहिलंय आणि 'ज्युलिअस सीझर'मध्ये 'मोस्ट अनकाइंडेस्ट'ही लिहिलंय. त्या काळी जोर द्यायचा असला की लोक बिनदिक्कत दुहेरी तुलना करत. पुढे अठराव्या शतकात व्याकरणकारांनी भाषेला शिस्त लावायला घेतली. रॉबर्ट लाउथ यांचं 1762चं व्याकरण त्यातलं सगळ्यात वजनदार. त्यात दुहेरी तुलना अयोग्य ठरवली गेली, आणि ते शाळाशाळांतून असं मुरलं की आज 'मोर बेटर' म्हणणारा अडाणी ठरतो.

आणि आपण तरी काय करतो? 'स्वादिष्ठ' या शब्दातला 'इष्ठ' हा संस्कृतातला 'सर्वांत' सांगणारा प्रत्यय आहे. मूळ अर्थ 'सगळ्यात गोड'. इंग्रजीतला 'स्वीटेस्ट' हा त्याचा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ एक. आपण तो 'स्वादिष्ट' असा लिहितो आणि वर 'सर्वांत स्वादिष्ट' म्हणतो. 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'श्रेष्ठ' यांचीही तीच तऱ्हा: 'सर्वांत ज्येष्ठ सदस्य' म्हणताना कुणाला काही खटकत नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे, म्हणजे 'श्रेष्ठ'वर आणखी 'तम'. तेव्हा दुहेरी तुलना हे काही पाप नव्हे. फक्त आजच्या प्रमाण इंग्रजीत ती चालत नाही, आणि नोकरी मागायला गेल्यावर शेक्सपिअरचा दाखला उपयोगी पडत नाही.

जोर द्यायचाच असेल तर 'मच बेटर' म्हणा, 'अ लॉट बेटर' म्हणा, किंवा 'फार बेटर' म्हणा. हा 'फार' इंग्रजीच आहे, 'दूर' या अर्थाचा. आपल्या 'फार'शी त्याचं जुळणं हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला झकास. थोडासाच फरक असेल तर 'स्लाइटली बेटर' किंवा 'अ बिट बेटर'. 'व्हेरी बेटर' मात्र कधीही नाही. 'व्हेरी' साध्या रूपाला लागतो, तुलनेच्या रूपाला नाही. आणि 'नो बेटर' जपून वाचा. 'ही इज नो बेटर दॅन अ थीफ' म्हणजे 'तो चोराहून काही वेगळा नाही'. याचं 'तो चोरापेक्षा चांगला नाही' असं भाषांतर मी छापील पुस्तकात बघितलंय. त्यातला डंखच गेला.

'गुड'चं 'गुडर' का होत नाही, हे दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. कारण 'बेटर' हा 'गुड'च्या घरातला नाहीच. जुन्या इंग्रजीतही 'गोड' (उच्चार आपल्या 'गोड'सारखा, अर्थ 'चांगला'), मग 'बेटेरा', मग 'बेट्स्ट' अशीच साखळी होती; या 'बेट्स्ट'मधला 'ट' गळून 'बेस्ट' उरला. दुसऱ्या घरातून पाट लावून आणलेलं हे रूप. 'शिवाय, वर आणखी' या अर्थाने इंग्रजीत 'टु बूट' म्हणतात, त्यातला 'बूट' पायातला नव्हे. तो 'फायदा, भर' या अर्थाचा जुना शब्द, आणि तो 'बेटर'च्या माहेरचा.

हेही आपल्याला नवं नाही. पाणिनीने आपल्या संस्कृत व्याकरणाच्या पाचव्या अध्यायात सूत्रच घातलंय: 'प्रशस्यस्य श्रः'. 'प्रशस्य' म्हणजे वाखाणण्याजोगा. पण तुलना करायची झाली की त्याच्या जागी 'श्र' येतो, आणि होतं 'श्रेयस्' आणि 'श्रेष्ठ'. म्हणजे 'गुड, बेटर, बेस्ट'चा खेळ संस्कृतात तंतोतंत आहे. इतकंच काय, 'श्रेष्ठ'मधला 'ष्ठ' आणि 'बेस्ट'मधला 'स्ट' हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत, आणि 'बेटर'चा 'अर' हा 'श्रेयस्'मधल्या 'यस्'चा.

इथे एका सुंदर फसवणुकीबद्दल सांगायला हवं. हिंदी-उर्दूतला 'बेहतर' आणि इंग्रजीतला 'बेटर' एकच असणार, असं प्रत्येकाला वाटतं. अर्थ एक, उच्चार जवळपास एक. पण त्यांचं नातं नाही. 'बेहतर' फारसी आहे: 'बेह' म्हणजे चांगलं, त्याला 'तर' हा प्रत्यय. हा 'तर' आपल्या 'गुरुतर', 'बृहत्तर'मधला. 'बेटर'मधला 'ट' मूळ धातूचा आहे, प्रत्ययाचा नव्हे. रेल्वेच्या डब्यात चेहरा जुळावा आणि आडनाव विचारलं तर काहीच संबंध निघू नये, तसं.

तोच फारसी शब्द मराठीत आला आणि इथे 'बेहत्तर' झाला. 'जीव गेला तरी बेहत्तर, पण सही करणार नाही.' या वाक्यात 'बेहत्तर'चा अर्थ नीट बघा. जीव जाणं ही काही चांगली गोष्ट नाही. पण सही करण्यापेक्षा ती पत्करली. म्हणजे मराठी माणूस 'बेटर'चा खरा अर्थ पिढ्यान् पिढ्या बोलतोय: वाईटच, पण त्यापेक्षा बरं.

आणि गीतेतलं 'श्रेयान् स्वधर्मो विगुणः' तर सगळ्यांना पाठ असतं. स्वधर्म कसा? तर 'विगुण', उणा. आणि तरीही 'श्रेयान्'. कशापेक्षा? 'परधर्मात् स्वनुष्ठितात्', नीट पार पाडलेल्या परधर्मापेक्षा. 'बेटर' शिकवताना मी फळ्यावर हा अर्धा श्लोक लिहिते. सुरुवातीला मुलं बावचळतात, इंग्रजीच्या तासाला गीता! पण 'उणं असूनही बेटर' हे एकदा बसलं की पुन्हा विसरत नाहीत.

आता माझं खरं म्हणणं. 'बेटर'ला मराठीत जोडीदार शोधायचा तर तो 'जास्त चांगलं' नाही. तो आहे 'बरं'.

'बरं' हा संस्कृत 'वर'पासून आलेला मानतात, आणि संस्कृतात 'वरम्... न' अशी तुलनेची एक रचनाच आहे: हे बरं, ते नको. त्या रचनेचा वास आपल्या 'बरं'ला अजून येतो. 'त्याच्या तोंडी लागण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.' 'आपण बरं, आपलं काम बरं.' तुकाराम महाराज 'बरा कुणबी केलों' म्हणतात आणि लगेच पुढे 'नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों'. जिथे 'बरं' येतं, तिथे जवळपास कुठेतरी एक 'नाहीतर' दबा धरून बसलेलं असतं. 'बेटर'चंही तसंच, त्याच्यामागे 'दॅन' असतो, बोललेला किंवा गिळलेला.

एक सावधगिरी मात्र हवी. 'बरं'चं वजन गावागणिक बदलतं. कोकणात आणि गोव्यात 'बरें' म्हणजे चांगलंच. कोकणीत आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात, म्हणजे देव तुझं भलं करो. पुण्यात मात्र कुणाच्या घरी जेवून 'बरं होतं जेवण' म्हणून बघा. पुढच्या वेळी बोलावणं येणार नाही. तिथे 'बरं' म्हणजे 'चालून जाईल' इतपत. माझं माहेर मालवणकडचं आणि सासर पुण्यातलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या आमटीला मी मनापासून 'बरी झालीये' म्हणाले होते. पुढचं सांगत नाही.

आता तुमच्या साहेबांकडे येऊ. 'हॅड बेटर'ची रचना मराठी माणसाला खरं तर सगळ्यात सोपी जावी. 'तू आता निघालेलं बरं', झालं 'यू हॅड बेटर लीव्ह नाऊ'. 'निघालेलं' हे भूतकाळी रूप आहे ना? पण निघायचंय अजून. मग इंग्रजीच्या 'हॅड'लाच भूतकाळाचा जाब का विचारायचा? तो 'हॅड' घडून गेलेलं सांगत नाही. 'असं असतं तर' या तऱ्हेच्या कल्पनेतला आहे. जुन्या इंग्रजीत तर या रचनेत 'हॅड' नव्हताच. तेव्हा रचना होती 'त्याला बरं होतं', चतुर्थी विभक्ती घालून, अगदी आपल्या 'मला बरं'सारखी. शतकं जाता जाता 'मला'चा 'मी' झाला, 'होतं'च्या जागी 'हॅड' आला, आणि आज फक्त सांगाडा उरलाय. याच हिशेबाने 'इट वुड बी बेटर इफ यू केम' मधला 'केम'ही समजेल. आपण 'तुम्ही आलात तर बरं होईल' म्हणतो, 'आलात' हे भूतकाळी रूप वापरून, आणि कुणाला ते विचित्र वाटत नाही.

व्याकरणाचं एवढंच: 'हॅड बेटर'नंतर 'टु' लागत नाही, आणि नकार द्यायचा तर 'हॅड बेटर नॉट'. बोलताना 'हॅड' आक्रसून 'यूड बेटर' होतो, त्यातला 'ड' बऱ्याच जणांना 'वुड'चा वाटतो. लिहिताना 'वुड बेटर' लिहिलंत की पकडले गेलात.

घोळ व्याकरणाचा नाही, स्वभावाचा आहे. मराठीत 'आलेलं बरं' हे मऊ आहे. आजी म्हणते, 'अंधार पडायच्या आत आलेलं बरं गो.' त्यात काळजी आहे. इंग्रजीत 'यू हॅड बेटर कम' म्हटलं की त्यामागचं 'नाहीतर' ऐकू येतं: नाही आलात तर परिणामांना तयार राहा. आई मुलाला म्हणते, शिक्षक वर्गाला म्हणतात, मित्र मित्राला म्हणतो. स्वतःबद्दल तर खुशाल म्हणावं, 'आय हॅड बेटर गो', निघालेलं बरं. हाताखालच्या माणसाने साहेबाला म्हणू नये. तुम्ही लिहिलंत 'उद्या आलेलं बरं', साहेबांनी वाचलं 'उद्या या, नाहीतर बघून घेतो'.

यात तुम्ही एकटे नाही. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे शनिवारी शिकायला येत. त्यांचा माल कंटेनरमधून रॉटरडॅमला जातो. एकदा रात्री साडेदहाला त्यांचा फोन, आवाज घाबरा. "मॅडम, मी काय वाईट लिहिलं?" त्यांनी तिकडच्या व्यापाऱ्याला कळवलं होतं, 'यू हॅड बेटर ओपन द कंटेनर ॲज सून ॲज इट अराइव्ह्ज'. मनात होतं: आल्या आल्या उघडून बघितलेला बरा, म्हणजे तुमचीही खात्री, आमचीही. व्यापाऱ्याने वाचलं की आत काहीतरी बिघडलंय आणि हा माणूस आधीच हात झटकतोय. त्याने उलट पाच प्रश्न विचारले होते: तापमान कुठे चढलं, किती पेट्या खराब आहेत, आधी का नाही सांगितलं. माल ठणठणीत होता. आम्ही दोघांनी मिळून चार ओळींचं उत्तर लिहिलं: माल व्यवस्थित आहे, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे लवकर तपासून घेतलात तर बरं होईल. इथलं 'बरं होईल' म्हणजे 'इट वुड बी बेटर इफ यू चेक्ड'. बारा वाजता व्यापाऱ्याचं 'थँक यू' आलं. पुढच्या शनिवारी वर्गाला एक पेटी थॉमसन द्राक्षं आली.

तेव्हा वरिष्ठ, गिऱ्हाईक, पाहुणे, ओळख नसलेली माणसं यांना 'हॅड बेटर' नको. 'इट माइट बी बेटर टु...' म्हणा, किंवा सरळ 'कुड यू प्लीज...'. शिवाय 'हॅड बेटर' समोरच्या एका प्रसंगापुरता असतो, आत्ताचा किंवा लवकरच येणारा. 'रोज व्यायाम करावा' अशा कायमच्या उपदेशाला 'शुड' लागतो.

'बरं'ची किल्ली आणखी दोन कुलपांना लागते, आणि ती दोन्ही मला फार आवडतात.

एक, 'द बेटर पार्ट ऑफ द डे'. याचं 'दिवसाचा चांगला भाग' असं भाषांतर भल्याभल्यांनी केलंय. अर्थ आहे 'दिवसाचा बराचसा भाग', अर्ध्याहून जास्त. आता हे 'बराचसा' बघा! आपलं 'बरा' चांगलं सांगता सांगता 'पुष्कळ' सांगायला लागलं: बराच वेळ, बरीच माणसं. 'चांगला तासभर थांबलो' म्हणतो, तेव्हा तो तास चांगला गेलेला नसतो, लांबलेला असतो. इंग्रजीतही तेच झालं. 'अ गुड अवर' म्हणजे तासभर तरी, आणि 'द बेटर पार्ट' म्हणजे बराचसा. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वळणावर वळल्या. बायकोला 'बेटर हाफ' म्हणतात त्यातही मूळ रोख असाच होता: माझ्या जिवाचा निम्म्याहून मोठा वाटा. इंग्रज कवी फिलिप सिडनीच्या सोळाव्या शतकातल्या लेखनात हा शब्द आलाय. आता तो लग्नाच्या पार्टीत माइकवर म्हणण्यापुरता उरलाय, आणि माझ्या मते तिथूनही जायला हरकत नाही.

दुसरं, 'द सूनर द बेटर'. यातल्या 'द'ने पोरं हैराण होतात, कारण पुढे नामच नाही. हा 'द' नेहमीचा नाहीच. जुन्या इंग्रजीतल्या तृतीया विभक्तीचा तो अवशेष आहे, अर्थ 'तितक्याने'. म्हणून त्याचं मराठी आपोआप येतं: जितकं लवकर तितकं बरं. दोन 'द', आपले 'जितकं-तितकं'. हे असं सांगितलं की पाठ करावं लागत नाही.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. दोघांत तुलना असेल तर 'द बेटर ऑफ द टू', तिघांपासून पुढे 'बेस्ट'. पण पाय दोनच असूनही इंग्रज 'बेस्ट फूट फॉरवर्ड' म्हणतो, तेव्हा यावरून कुणाशी भांडू नका. 'ती वर्गातल्या कुठल्याही मुलीपेक्षा हुशार' म्हणताना इंग्रजीत 'एनी अदर गर्ल' हवं. 'अदर' नसेल तर ती स्वतःपेक्षाही हुशार ठरते. 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा बरी' हे मराठीत चालून जातं, इंग्रजीत 'मुंबईज' म्हणा, नाहीतर हवेची तुलना शहराशी होते. 'सुपीरियर', 'सीनियर', 'ज्युनियर' हे लॅटिनमधले तुलनेचे शब्द, त्यांच्यापुढे 'दॅन' नाही, 'टु'. 'दॅन मी' की 'दॅन आय'? बोलताना 'दॅन मी' बिनधास्त. फारच औपचारिक लिहायचं असेल तर 'दॅन आय ॲम' असं पूर्ण लिहा, म्हणजे वादच मिटतो. 'दॅन' आणि 'देन' यांची अदलाबदल करू नका. एके काळी तो एकच शब्द होता, आज दोन आहेत. 'बेटर ऑफ' हा बहुतेकदा पैशाअडक्याच्या परिस्थितीबद्दल: 'ते आमच्यापेक्षा बेटर ऑफ आहेत', म्हणजे त्यांची परिस्थिती बरी आहे. पुन्हा 'बरी' आलीच.

आणि चहा-कॉफीचं. 'आय लाइक टी बेटर दॅन कॉफी' ऐकून बऱ्याच जणांना वाटतं, चहा चांगला आहे असं म्हणतोय. इथे 'बेटर' चहाबद्दल नाही, आवडण्याबद्दल आहे. 'गुड'चं रूप 'बेटर' तसं 'वेल'चंही रूप 'बेटर'च. 'कॉफीपेक्षा चहा जास्त आवडतो' एवढाच अर्थ. हेच सूत्र तुम्हाला मुलाखतीत उपयोगी पडेल.

कारण त्या वाक्यातून 'मोर' काढला तरी काम संपत नाही. 'धिस जॉब इज बेटर फॉर मी' हे बिनचूक आहे, पण 'बेटर' म्हटला की समोरच्याच्या मनात 'दॅन' उभा राहतो: कशापेक्षा? सध्याच्या नोकरीपेक्षा? तिथे काय वाईट आहे? मग तुम्ही जुन्या कारखान्याची उणीदुणी काढत बसणार, आणि मुलाखतीत ती काढू नयेत. त्याऐवजी 'धिस जॉब सूट्स माय स्किल्स बेटर' म्हणा. तुलना तुमच्या कामाची आणि जागेच्या जुळण्याची झाली, मालकांची नाही. आणि लगेच पुढे ठोस काहीतरी सांगा: कुठली मशीन चालवलीत, कुठला बिघाड स्वतः शोधलात.

साहेबांना खुलाशाचा आणखी एक मेल पाठवू नका. त्यातही एखादा 'बेटर' निसटायचा. चहाच्या सुट्टीत गाठा, "साहेब, त्या दिवशीच्या मेलमध्ये माझा शब्द चुकला, मला 'उद्या येता आलं तर बरं होईल' एवढंच म्हणायचं होतं," असं मराठीतच सांगितलेलं बरं.